पास्ता चिकट, सॉस पाणी पाणी, चव पांचट: दर वेळी बिघडतं कुठे ते क्रमाने तपासा

टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह ऑइल, बेसिलची पानं आणि शेवटी लिंबाची साल किसून. वीस-पंचवीस मिनिटांचा व्हेज पास्ता. इतका साधा की बिघडेल कसा असं वाटतं, आणि तरी हाच पास्ता सगळ्यात जास्त वेळा बिघडलेला मी बघितलाय, माझ्या हातचाही आणि ज्यांच्या शेजारी उभं राहून दुरुस्त केलाय त्यांचाही, कारण ह्यात क्रीमचा थर नाही की मसाला नाही, चूक झाकायला काहीच नाही. लोक मग महागडं तेल आणतात, दुसरा ब्रँड आणतात, सॉसमध्ये आणखी चार गोष्टी घालतात आणि पुढच्या वेळी परत तेच. खरं सांगायचं तर दोष बहुतेक वेळा सामानात नसतोच, तो पाण्यात आणि वेळेत असतो, म्हणून सामान बदलण्याआधी फुकटातल्या गोष्टी तपासा.

मी धरलेली मापं दोन माणसांची आहेत: सुका पास्ता २०० ग्रॅम, पाणी २ लिटर, चेरी टोमॅटो साधारण ३०० ग्रॅम, तेल ३ टेबलस्पून, लसणीच्या २-३ पाकळ्या, बेसिलची १५-२० पानं, हवं तर ३० ग्रॅम चीज.

लक्षणं आधी नीट बघा

प्लेटमध्ये वाढल्यावर दोन मिनिटं थांबा आणि प्लेट जरा तिरकी करा. कडेला काय जमा होतंय त्यावरून निम्मं निदान होतं.

लालसर पाणी जमा होत असेल तर टोमॅटो आटलेच नाहीत. लाल रंग नसलेलं, नुसतं गढूळसर पाणी असेल तर पास्ता नुसता सॉसवर ठेवला गेलाय, सॉसमध्ये शिजलेला नाही. केशरी तेल सुटून वेगळं दिसत असेल तर सॉस फाटलाय, म्हणजे तेलाच्या मानाने पाणी कमी पडलंय किंवा पॅन फार वेळ तापत राहिलाय. आणि काहीच जमा होत नसेल पण पास्ता एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल, काटा घातला की सगळा ढीग वर येत असेल, तर ते प्रकरण वेगळं, ते पातेल्यातल्या पहिल्या दोन मिनिटांत झालेलं आहे.

ह्याशिवाय दोन लक्षणं जिभेवरची. सॉस चांगला लागतो पण पास्ता चावला की आतून फिका. किंवा सगळं ठीक आहे पण ताजेपणा नाही, बेसिल काळं पडलंय, लसूण कडवट लागतेय.

तुमचं लक्षण कुठलं ते ठरवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या तर जमला तरी कशाने जमला ते कळत नाही.

पाणी चाखा

सगळ्यात स्वस्त तपासणी, चमच्याने पाणी घेऊन फुंकर मारून चाखायचं. पास्ता टाकण्याआधी. ते स्पष्ट खारट लागलं पाहिजे, हलकंसं नाही. माप हवं असेल तर लिटरला ७ ते १० ग्रॅम मीठ, म्हणजे २ लिटरला बारीक मिठाचे अडीच ते तीन सपाट टीस्पून. ऐकून भीती वाटते पण त्यातलं बहुतेक मीठ पाण्याबरोबर ओतून जातं.

हे इतकं महत्त्वाचं का, तर सुका पास्ता शिजताना साधारण स्वतःच्या वजनाएवढं पाणी पितो, १०० ग्रॅमचा २०० ग्रॅमच्या पुढे जातो, आणि मीठ आत जाण्याची ती एकच संधी असते. नंतर सॉसमध्ये कितीही मीठ घाला, ते बाहेरच राहतं, मग सॉस खारट आणि पास्ता फिका असं विचित्र होऊन बसतं. आतून फिका हे लक्षण असेल तर निदान इथेच संपलं. फक्त एक लक्षात ठेवा, पाणी खारट असेल तर सॉसमध्ये आधी जवळपास मीठ घालायचं नाही, कारण हेच पाणी पुढे सॉसमध्ये जाणार आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर अर्थात त्यांचं ऐका, पाण्यात मीठ कमी करा आणि लिंबू, लसूण, बेसिल वाढवा.

पहिली दोन मिनिटं पातेल्यापाशी उभे राहा

गोळा होण्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच. पास्ता उकळत्या पाण्यात पडला की बाहेरचा स्टार्च आधी फुगतो आणि गोंदासारखा होतो, आणि त्या वेळी दोन तुकडे एकमेकांना टेकून असले तर ते तसेच जोडून शिजतात. दोनेक मिनिटांनी तो चिकट थर पाण्यात सुटून जातो आणि मग धोका कमी होतो. म्हणून टाकल्या टाकल्या ढवळायचं, अर्ध्या मिनिटाने परत, दोन मिनिटं होईपर्यंत तिथेच. नंतर अधूनमधून पुरे. स्पॅगेटी असेल तर मोडू नका, खालचा भाग मऊ झाला की चिमट्याने हळूहळू आत ढकला आणि सुटा करा.

पाण्यात तेल घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो सोडा. तेल वर तरंगतं, पास्ता खाली शिजतोय, दोघांची गाठ पडते ती ओतताना, आणि तेव्हा पास्त्यावर तेलाचा हात लागला की सॉस त्यावरून घसरतो. म्हणजे एक अडचण सोडवायला गेलात आणि दुसरी ओढवून घेतलीत.

पाकिटावरची वेळ आणि खरी वेळ

पाकिटावर ११ मिनिटं लिहिलंय म्हणून ११ मिनिटं शिजवला, निथळला, मग सॉसमध्ये टाकून परत दोन-तीन मिनिटं तापवला, झाला लगदा. सॉसमध्ये शिजायची वेळ ह्याच हिशेबातली आहे हे बरेच जण विसरतात. माझा नियम, पाकिटावरच्या वेळेच्या ३ मिनिटं आधी एक तुकडा काढून दाताने तोडून बघायचा. मध्ये पांढरा ठिपका दिसतो, चावताना जरा टणक लागतो. तो ठिपका अगदी बारीक झाला की, म्हणजे साधारण २ मिनिटं आधी, पास्ता बाहेर. उरलेलं शिजणं सॉसमध्ये.

डोंगरावर उंच ठिकाणी राहत असाल तर पाकिटाचं घड्याळ तुमच्या कामाचं नाही. पाणी साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी तापमानाला उकळतं, २००० मीटरवर ९३ अंशांच्या आसपास, त्यामुळे वेळ जास्त लागतो. तिथे फक्त दाताचा भरवसा.

आणि जो पास्ता जास्त शिजून मऊ पडला त्याला परत टणक करता येत नाही. त्याच्यावर वेळ घालवू नका. तेल आणि चीज घालून ओव्हनमध्ये भाजा, चांगला लागतो, पण हा पदार्थ नव्हे.

एक कप पाणी बाजूला काढलं का?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते आणि बहुतेकांचं उत्तर तेच, अरे ते तर सिंकमध्ये ओतलं. ते गढूळ पाणी म्हणजे विरघळलेला स्टार्च आणि मीठ, आणि तेल व टोमॅटोचा रस मिळून यायला नेमकं तेच लागतं. नुसतं तेल आणि रस कितीही घोटा, थोड्या वेळाने वेगळे होणारच. स्टार्च मध्ये आला की तेलाचे बारीक थेंब रसात अडकून राहतात आणि सॉस चकचकीत, दाटसर होतो. म्हणून चाळणीत ओतण्याआधी एक कप पाणी काढायचं. विसरत असाल तर कप चाळणीतच ठेवा, ओतायला गेलात की दिसेल.

मी तर आता चाळणी घेतच नाही, चिमट्याने किंवा झाऱ्याने पास्ता थेट पॅनमध्ये, पाणी पातेल्यातच राहतं.

चाळणीत घेतल्यावर पास्ता नळाखाली धुऊ नका. धुतला की तो स्टार्च गेला, पास्ता गारही पडला, आणि गार गुळगुळीत पास्त्यावर सॉस बसत नाही. थंड सॅलड करायचं असेल तरच धुवा. चिकटू नये म्हणून धुवावा लागत असेल तर त्याचा अर्थ तो निथळून पडून राहतोय, सॉस तयार नाहीये. सॉसने पास्त्याची वाट बघायची असते, पास्त्याने सॉसची नाही. टोमॅटोला ८-१० मिनिटं लागतात आणि पास्त्यालाही तेवढीच, तर पास्ता पाण्यात पडला की टोमॅटो पॅनमध्ये पडले पाहिजेत.

पॅनमधली शेवटची दोन मिनिटं

इथे जरा थांबून वाचा, कारण प्लेटमध्ये पाणी सुटणं, तेल वेगळं होणं, सॉस न धरणं ही तिन्ही दुखणी इथेच बरी होतात.

पॅन मोठा हवा, सगळा पास्ता त्यात पसरून उलटसुलट करता आला पाहिजे. टोमॅटो शिजून फुटलेत, रस दाट झालाय, पळीने पॅनच्या तळाशी रेघ ओढली तर ती क्षणभर तशीच दिसते, एवढं झालं पाहिजे. आता कमी शिजलेला पास्ता आत, आणि बाजूला काढलेल्या पाण्यातलं पाऊण वाटी एकदम. सगळं सरबरीत दिसेल, घाबरू नका. आच मोठी करा आणि सतत हलवत राहा, चिमट्याने उचलून परत सोडा, पॅन पुढेमागे करा. ह्या हलवण्यानेच तेल आणि पाणी मिळून येतं, नुसतं उकळत ठेवलं तर फक्त आटतं. दीड-दोन मिनिटांत पास्ता उरलेलं पाणी पितो, शिजतो, आणि सॉस त्याच्या अंगाला धरतो.

थांबायचं कधी? वाटतंय त्याच्या थोडं आधी. पॅनमध्ये जरासा पातळ दिसतोय अशा वेळी उतरवा, कारण प्लेटमध्ये जाईपर्यंत तो आणखी दाट होतो. पॅनमध्येच अगदी बरोबर दिसला तर टेबलावर कोरडा. कोरडा झालाच तर दोन चमचे तेच पाणी घालून हलवा, साधं पाणी नको. आणि तेल सुटून वेगळं दिसायला लागलं तर आच कमी करून तेच दोन चमचे पाणी घालून जोरात हलवा, परत मिळून येतं, मी असे कितीतरी पॅन वाचवलेत.

लालसर पाणी सुटत असेल तर मात्र चूक ह्याच्या आधीची. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं, झुकिनीतही तेवढंच, आणि ते पाणी बाहेर काढून उडवायला जागा आणि आच दोन्ही लागतं. छोट्या पॅनमध्ये ढीग केला की भाजी परतली जात नाही, स्वतःच्याच वाफेत उकडते. झुकिनी वेगळी, मोठ्या आचेवर, एका थरात परतून बाजूला काढा आणि शेवटी मिसळा. मटार किंवा ॲस्परॅगस असेल तर पॅनमध्ये गर्दी करूच नका, पास्ता काढायच्या दोन मिनिटं आधी त्याच पाण्यात टाका, एक भांडं वाचतं आणि रंगही हिरवागार राहतो.

ताजेपणा कुठे हरवला

बहुतेकदा क्रमात. सुगंधी गोष्टींना उष्णता किती वेळ सोसते ते प्रत्येकाचं वेगळं.

लसूण थंड तेलात टाकून मंद आचेवर तापवा, पातळ चकत्या करून, अगदी फिकट सोनेरी कड दिसली की लगेच टोमॅटो टाका, त्यांच्या रसाने तेलाचं तापमान खाली येतं आणि लसूण वाचते. कडकडीत तेलात टाकली तर वीस सेकंदांत करपते. आणि लसूण तपकिरी झाली तर तिथेच थांबा. ते तेल फेकून नव्याने सुरू करा, तो कडवटपणा टोमॅटोने, साखरेने, कशानेच जात नाही. जीवावर येतं पण तीन चमचे तेल गेलं म्हणून अख्खा पास्ता घालवू नका.

बेसिल गॅस बंद केल्यावर, हाताने तोडून. बोथट सुरीने चिरलं की पानं चेचली जातात आणि त्यातलं एन्झाइम हवेशी मिळून पान काळं पाडतं, आणि आचेवर ठेवलं तर वासही उडून जातो. लिंबाचा वास सालीतल्या तेलात आहे, रसात आहे ती आंबट चव, म्हणून फक्त पिवळा पापुद्रा किसायचा, खालचा पांढरा भाग कडू असतो. रस घालायचाच तर अगदी शेवटी, चमचाभर. त्याच पास्त्यात दूध घालत असाल तर लिंबाने ते फाटेल, दोघांपैकी एक निवडा.

टोमॅटो कच्चे असतील तर फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर पिकू द्या, थंडीत त्यांचा वास मंदावतो. चांगले टोमॅटो मिळतच नसतील तर सरळ डब्यातले सोललेले टोमॅटो घ्या, ते पिकल्यावर भरलेले असतात. बेचव ताज्यापेक्षा ते कधीही बरे.

चीजच्या गुठळ्या

पॅन आचेवर असताना चीज टाकलं की त्यातली प्रथिनं आक्रसतात, चरबी सोडतात आणि रबरासारखे दोरे होतात. आच बंद करा, अर्धा-एक मिनिट थांबा, मग अगदी बारीक किसलेलं चीज थोडं थोडं घालत हलवा. आधीच किसून पाकिटात मिळतं त्यात गोळे होऊ नयेत म्हणून अनेकदा स्टार्च किंवा सेल्युलोज घातलेलं असतं, ते नीट वितळत नाही. गुठळ्या झाल्या की त्या मोडत नाहीत, काढून टाका.

आणि व्हेज करताय तर हे लेबलवर वाचाच: खरं पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या एन्झाइमने) बनतं, ते शाकाहारी नाही. मायक्रोबियल किंवा व्हेजिटेरियन रेनेट असं लिहिलेलं हार्ड चीज घ्या. ताज्या पास्त्यात आणि काही सुक्या पास्त्यातही अंडं असतं, तेही बघा. पाहुण्यांना व्हेज म्हणून वाढण्याआधी हे तपासायची जबाबदारी आपली.

आता पैसे खर्च करायची वेळ

वरचं सगळं करून तरीही पास्ता बाहेरून चिकट आणि आतून पिठाळ लागतोय, तर मग पाकीट बदला. घटकांत ड्युरम ह्या कडक जातीच्या गव्हाचा रवा लिहिलेला हवा. ड्युरममध्ये प्रथिनं जास्त असतात आणि ती जाळी स्टार्चला धरून ठेवते, मऊ गव्हाच्या पिठाचा पास्ता लवकर फुटतो. इटलीत तिथे तयार होणाऱ्या सुक्या पास्त्यासाठी ड्युरमच वापरायचा हा नियम १९६७ च्या कायद्यापासून आहे, उगीच नाही. पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रथिनं बघा, १२ ग्रॅमच्या पुढे असतील तर चांगलं. पृष्ठभाग काचेसारखा पिवळा गुळगुळीत असेल तर तो बहुधा टेफ्लॉनच्या साच्यातून काढलेला, आणि पांढुरका, खरखरीत, पिठासारखा असेल तर ब्राँझच्या साच्यातला. खरखरीत पास्ता पाण्यात स्टार्चही जास्त सोडतो आणि सॉसही जास्त धरतो, फरक खरंच जाणवतो. पण पाणी ओतून देत असाल तर ह्या पाकिटाचा काही उपयोग नाही, म्हणून हे शेवटी.

इथे थांबा, माणूस बोलवा

एक बिघाड असा आहे जो स्वयंपाकाचा नसतोच. पास्ता दर वेळी गिच्च होतो, कारण टाकल्यावर पाण्याची उकळी परत येतच नाही, तो कोमट पाण्यात बसून भिजतो. आधी सोपं बघा: झाकण ठेवून पाणी उकळा, पास्ता टाकल्यावर उकळी येईपर्यंत अर्धवट झाकण ठेवा, मोठा बर्नर वापरा. तरी झाकण ठेवून २ लिटर पाण्याला मोठ्या आचेवर २० मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर शंका बर्नरची.

आच निळी हवी. पिवळी, फडफडणारी असेल, भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल तर गॅस नीट जळत नाहीये, आणि अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो. बर्नर थंड झाल्यावर वरचा भाग काढून धुवा, भोकं सुईने मोकळी करा, पूर्ण वाळवून बसवा, एवढंच आपण करायचं. त्यानेही आच निळी झाली नाही तर शेगडी वापरणं बंद करा आणि गॅसच्या मेकॅनिकला बोलवा. नॉब, जेट, व्हॉल्व्ह, पाइप स्वतः उघडायचे नाहीत. गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद न करता गॅस बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरूनच गॅसच्या आपत्कालीन सेवेला फोन करा. इंडक्शनचा प्रश्न असेल तर आधी भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतं का बघा, चिकटत असूनही तापत नसेल तर सर्व्हिस सेंटर.

दुसरं, पास्ता उत्तम होतोय पण तो खाल्ल्यावर दर वेळी पोट फुगतं, दुखतं, जुलाब होतात, तर पाककृती बदलत बसू नका. सिलिअॅक आजार, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन न सोसणं, असू शकतो, त्याची रक्ततपासणी होते, डॉक्टरांकडे जा, आणि तपासणी होईपर्यंत गहू स्वतःहून बंद करू नका, कारण ग्लूटेन बंद केलेलं असेल तर निकाल चुकीचा येऊ शकतो.

उरलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी पॅनमध्ये दोन-तीन चमचे पाणी घालून, झाकून, मंद आचेवर वाफ येऊ द्या आणि मग झाकण काढून हलवा, बेसिल नव्याने तोडून वर.